दारू सोडूं पाहणारांची बैठक : ती कोठें व कशी शोधावी

दारूचें व्यसन ज्या घरांत शिरतें, त्या घरांत व्यसनाबरोबरच लपवालपवीही वाढीस लागते. पत्नी कचेरींत आजाराचें निमित्त कळविते, मुलें मित्रांस घरीं आणण्याचें टाळतात, आणि शेजारी सर्व जाणून न जाणल्यासारखें करितात. अब्रू राखण्याच्या या धडपडींत व्यसनी मनुष्य मात्र एकटा पडतो. आणि एकट्यानें दारू सोडणें फार अवघड. हें एकटेपण मोडण्याचा एक सुलभ मार्ग म्हणजे दारू सोडूं पाहणारांची आपसांतील बैठक.

या मार्गाचा उगम अमेरिकेंत झाला. १९३५ सालच्या मे महिन्यांत न्यूयॉर्कचे बिल विल्सन धंद्याच्या कामासाठीं ओहायओ राज्यांतील ॲक्रन शहरीं आले होते. त्यांस दारू सोडून पांचच महिने झाले होते. काम फसलें, आणि हॉटेलच्या दालनांत एका बाजूस मद्यगृह गजबजलेलें दिसलें. दुसऱ्या बाजूस शहरांतील चर्चांची यादी होती. विल्सन यादीकडे वळले व आपल्यासारखाच दारूनें गांजलेला कोणी भेटेल काय, याची टेलिफोनवरून चौकशी करूं लागले. अखेर डॉ. रॉबर्ट स्मिथ या शस्त्रवैद्यांची गांठ पडली. पंधरा मिनिटांच्या बोलीवर आलेले डॉक्टर कित्येक तास बसले. कारण समोरचा मनुष्य उपदेश करीत नव्हता, स्वतःची हकीकत सांगत होता. १० जून १९३५ हा डॉक्टरांच्या अखेरच्या पेल्याचा दिवस ‘आल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ या मंडळाचा स्थापनादिन मानिला जातो.

ॲनॉनिमस म्हणजे अनामिक. लोक काय म्हणतील, या भीतीवरचा उतारा मंडळाच्या नांवांतच आहे. बैठकींत आडनांव सांगावें लागत नाहीं. फी नाहीं, खर्च सभासदांच्या ऐच्छिक देणगींतून भागतो. दारू सोडण्याची इच्छा, एवढीच सभासदत्वाची अट. मंडळाच्या बारा पायऱ्यांत ईश्वराचा उल्लेख येतो. परंतु त्याचा अर्थ ज्याचा त्यानें लावावा, अशी मोकळीक आहे.

बैठकी दोन प्रकारच्या असतात. ‘बंद’ बैठकींत ज्यांस स्वतःस दारूचा त्रास आहे तेच बसतात; ‘खुल्या’ बैठकींत नातलग व मित्रही येऊं शकतात. म्हणून प्रथम सोबत घेऊन जावयाचें असल्यास खुली बैठक पाहावी. एकानें आपली हकीकत सांगावी व इतरांनीं ती शांतपणें ऐकावी, अशी साधारण रीत असते. नवागतानें नुसतें ऐकत बसलें तरी चालतें.

मंडळाची भारतांतील मध्यवर्ती कचेरी मुंबईंत आहे. कोणत्या गांवीं, कोणत्या वारीं व कोणत्या वेळीं बैठक भरते, हें मंडळाच्या संकेतस्थळावरून व टेलिफोनवरून समजतें. जागा बहुधा शाळेचा वर्ग, चर्चची खोली किंवा रुग्णालयांतील दालन, अशी साधीच असते. निघण्यापूर्वीं चार गोष्टी विचाराव्या : बैठक अद्याप त्याच जागीं भरते काय, ती खुली कीं बंद, भाषा मराठी कीं अन्य, आणि दारांत भेटावयास कोणी जुना सभासद येईल काय. शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. कारण खरी अडचण पत्त्याची नसून उंबरठा ओलांडण्याची असते. स्वतःच्या वस्तींत संकोच वाटल्यास दुसऱ्या उपनगरांतील बैठक निवडावी; एका ठिकाणीं मन रमलें नाहीं, तर दुसरीकडे जाऊन पाहावें. भारत सरकारच्या १४४४६ या विनामूल्य दूरध्वनीवरही व्यसनमुक्तीसंबंधीं मार्गदर्शन मिळतें. पुण्यास १९८६ सालीं स्थापन झालेलें मुक्तांगण, उपचार संपल्यावरही पाठपुराव्याच्या बैठकी भरवितें.

मात्र बैठक म्हणजे औषधोपचार नव्हे. रोज पुष्कळ पिणाऱ्यानें एकाएकीं दारू बंद केल्यास पहिल्या कांहीं दिवसांत कंप, झटके व भ्रम उद्भवूं शकतात. क्वचित् प्राणावरही बेततें. म्हणून दारू थांबविण्यापूर्वीं डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. दोन्ही उपाय परस्परांस पूरक आहेत. २०२० सालीं कॉक्रेन या संस्थेनें २७ अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध केला; रोग्यास या बैठकींकडे पद्धतशीरपणें वळविणारे उपचार अखंड मद्यत्यागाच्या बाबतींत इतर प्रस्थापित उपचारांहून सरस ठरतात, असें त्यांत आढळलें.

व्यसनी मनुष्य यावयास तयार नसला, तरी घरच्यांनीं हातपाय गाळूं नयेत. बिल विल्सन यांच्या पत्नी लोइस यांनीं १९५१ सालीं कुटुंबीयांसाठीं ‘अल्-ॲनॉन’ हें निराळें मंडळ सुरू करण्यांत पुढाकार घेतला. त्याच्या बैठकी भारतांतही भरतात. शिवाय जवळच्या बैठकीचा वार, वेळ व पत्ता एका कागदावर लिहून घरांत ठेवावा. दारू सोडण्याची इच्छा बहुधा एखाद्या सकाळीं उमटते व संध्याकाळपर्यंत विरून जाते. त्या दिवशीं शोधाशोधींत वेळ जाऊं नये. कागद हातीं असावा, आणि त्याच संध्याकाळीं घराबाहेर पाऊल पडावें.