रेंज कुठे आहे आणि तुम्ही कुठे बसता?

‘सिमवाला टॅब घेऊ, की साधा वायफायचा टॅब घेऊन फोनच्या हॉटस्पॉटवर भागवू?’ घरून काम करणाऱ्याला टॅब घेताना हा प्रश्न हमखास पडतो. हुबळी-धारवाडात तो जरा जास्तच पडतो. २०२०च्या मार्चमध्ये बंगळूर आणि पुण्याच्या कंपन्यांतली इथली मुलं लॅपटॉप उचलून घरी परतली. दोन्ही शहरं इथून चारेकशे किलोमीटर लांब. त्यातले काही जण मग गेलेच नाहीत, काही जण अजूनही आठवड्यातले दोन-तीन दिवस घरूनच काम करतात. २०२२ मध्ये इन्फोसिसने हुबळीतलं आपलं केंद्र सुरू केलं, तेव्हा गावात राहून अशी नोकरी करण्याची सोय आणखी वाढली. मात्र मीटिंग ऐन रंगात आली असताना आवाज तुटणं काही संपलं नाही.

हे दोन्ही पर्याय एकाच वर्षी बाजारात आले, ही एक गंमतच. २०१०च्या एप्रिलमध्ये पहिला आयपॅड आला. आधी वायफायचा आणि त्याच महिन्याच्या अखेरीला सिमचा. पुढच्याच महिन्यात अँड्रॉइडच्या २.२ आवृत्तीने फोनलाच वायफाय राउटर बनवण्याची सोय दिली. तेव्हापासून या दोघांची तुलना चालू आहे आणि ती बहुतेक वेळा किमतीवर अडते. खरं तर ती सुरू व्हायला हवी तुमच्या घराच्या भिंतींपासून.

भिंतीचं गणित

सिमवाला टॅब आणि फोनचा हॉटस्पॉट, दोघंही शेवटी त्याच टॉवरशी बोलतात. फरक आहे तो रेंज कोण पकडतं आणि कुठे पकडतं यात. टॅब तुमच्या हातात असतो. म्हणजे तुम्ही जिथे बसाल तिथली रेंज त्याला मिळणार. हॉटस्पॉट देणारा फोन मात्र तुमच्याजवळ असण्याची गरज नाही. तो रेंज असेल तिथे ठेवायचा, तुम्ही सावलीत, पंख्याखाली, दार लावून बसायचं. मधलं अंतर वायफाय भरून काढतं.

धारवाडच्या मालमड्डी भागातल्या एखाद्या जुन्या घराचा विचार करा. पुढे ओसरी, मग दगड-मातीची हात-दीड हात जाडीची भिंत, आत माजघर, मागे स्वयंपाकघर, वर मंगळुरी कौलं. कामाला शांत खोली म्हणजे नेमकी आतली. मोबाईलच्या लहरींना ही भिंत सोपी नाही, आणि लहरीची लांबी जितकी कमी तितकी ती अवघड. ७०० मेगाहर्ट्झची लहर सुमारे ४३ सेंटीमीटर लांब असते, ती भिंती आणि कोपरे बऱ्यापैकी ओलांडते. २३०० मेगाहर्ट्झची १३ सेंटीमीटर. भारतात ५जीसाठी मुख्यतः वापरला जाणारा ३३०० मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा घेतला, तर लहर जेमतेम ९ सेंटीमीटरची. वेग याच पट्ट्यात सर्वांत जास्त आणि भिंतीशी हार मानण्याची सवयही याच पट्ट्याला. म्हणून अंगणात ५जी दाखवणारा फोन माजघरात शिरताच ४जीवर येतो.

त्यात धारवाड टेकड्यांवर आणि झाडीत वसलेलं. टेकडीच्या पाठीमागच्या उतारावरच्या घराला टॉवर जवळ असूनही दिसत नाही. हुबळी त्या मानाने सपाट, पण तिथल्या नव्या इमारतींत लोखंडी सळ्यांचं काँक्रीट आणि धातूचा मुलामा दिलेल्या काचा हेच काम करतात.

फोनवरच्या दांड्यांवर विसंबून हे कळत नाही, कारण किती रेंजला किती दांड्या दाखवायच्या हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते. खरा आकडा डेसिबल-मिलीवॅटमध्ये, म्हणजे डीबीएममध्ये असतो. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये तो सेटिंग्ज, अबाउट फोन, सिम स्टेटस या वाटेने सापडतो. आयफोनवर स्टार ३००१ हॅश १२३४५ हॅश स्टार हा क्रमांक लावला की चाचणीचा पडदा उघडतो. आकडा उणे असतो. उणे ८५च्या आसपास असेल तर उत्तम, उणे १००पर्यंत काम भागतं, उणे ११०च्या खाली गेलात तर मीटिंगची आशा सोडा.

या मोजपट्टीत दर १० डेसिबलला शक्ती दहापट बदलते. समजा, ओसरीवरच्या खिडकीत उणे ८८ आहे आणि माजघरात उणे १०८. फरक २० डेसिबलचा, म्हणजे आत पोचणारी शक्ती बाहेरच्या शंभराव्या हिश्शाएवढी. अशा घरात माजघरात घेऊन बसलेला महागडा सेल्युलर टॅब खिडकीतल्या साध्या फोनपुढे टिकत नाही. गच्चीवर अँटेना बसवून घरात वायफाय देणाऱ्या ज्या एअरफायबर सेवा २०२३ मध्ये आल्या, त्यांच्यामागेही हेच तत्त्व आहे: लहर जिथे चांगली येते तिथे ती पकडायची आणि मग आत आणायची.

त्यांचं ऐकू येतं, आपलं जात नाही

‘मला तुमचं सगळं ऐकू येतंय, पण माझा आवाज तुम्हाला येतोय का?’ हे वाक्य घरून काम करणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी बसलं आहे. त्याला कारण आहे. टॉवरवरचा प्रेषक एका वाहिनीवर वीस-चाळीस वॅट शक्तीने बोलतो. तुमच्या फोनला किंवा टॅबला मात्र सर्वसाधारणपणे ०.२ वॅटचीच मुभा असते. टॉवर म्हणजे जत्रेतला कर्णा आणि आपलं यंत्र म्हणजे त्या गर्दीतून उत्तर देणारा माणूस. टॉवरकडे अतिशय संवेदनशील अँटेना असतात म्हणून हा संवाद जमतो, पण रेंज उतरू लागली की आधी तुटते ती आपल्याकडून जाणारी बाजू.

त्यात भर म्हणजे २३०० मेगाहर्ट्झ आणि ५जीच्या मुख्य पट्ट्यात येणारी आणि जाणारी माहिती एकाच वाहिनीवर आळीपाळीने धावते. वेळेचा मोठा वाटा येणाऱ्या माहितीला दिलेला असतो, कारण बहुतेक लोक पाहतात जास्त आणि पाठवतात कमी. मीटिंगमध्ये कॅमेरा लावून बोलणारा या हिशेबात बसत नाही. म्हणून वेग तपासताना मोठ्या अक्षरांतला डाउनलोडचा आकडा पाहून खूश होऊ नका. अपलोडचा आकडा दिवसभर दोन-तीन एमबीपीएसच्या वर टिकतो का, ते पाहा.

हॉटस्पॉटमुळे वेग निम्मा होतो, ही समजूत मात्र चुकीची आहे. फोनमध्ये टॉवरशी बोलणारा रेडिओ वेगळा आणि वायफायचा वेगळा. वायफायची क्षमता बहुतेक वेळा टॉवरकडून येणाऱ्या वेगापेक्षा जास्तच असते. वाढतो तो काही मिलिसेकंदांचा विलंब. बोलण्यासाठी एका बाजूचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. त्या मानाने ही भर किरकोळ ठरते. मध्ये जाड भिंत असेल तर हॉटस्पॉट २.४ गिगाहर्ट्झवर लावा, एकाच खोलीत असाल तर ५ गिगाहर्ट्झवर. अपार्टमेंटमध्ये २.४चा पट्टा शेजाऱ्यांच्या राउटरांनी भरलेला असतो.

फोनवरचा भार

हॉटस्पॉटची खरी किंमत फोनची बॅटरी मोजते. दोन रेडिओ एकदम चालतात. रेंज कमी असेल तर फोन टॉवरपर्यंत पोचण्यासाठी आपली शक्ती कमाल पातळीवर नेतो आणि तापतो. तापला की प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो. त्यातच तो चार्जरला लावलेला असला की लिथियम-आयन पेशी उष्णता आणि पूर्ण चार्ज अशा दोन्ही गोष्टी सोसत म्हातारी होते. खिडकीत चांगल्या रेंजमध्ये ठेवलेला फोन त्यामुळेच कमी तापतो. फक्त एप्रिल-मेच्या उन्हात त्याच्यावर थेट ऊन पडू देऊ नका. तुमच्या टेबलावर रेंज चांगली असेल, तर यूएसबी केबलने फोन लॅपटॉपला जोडा. वायफायचा भार वाचतो, आणि चार्जिंगही होतं.

दुसरी अडचण फोन कॉलची. आपल्याकडचे बहुतेक फोन दोन सिमचे. इंटरनेट एका सिमवर चालू असताना दुसऱ्या सिमवर कॉल घेतला, तर अनेक फोनमध्ये इंटरनेट तेवढ्यापुरतं थांबतं, कारण दोन्ही सिम एकाच रेडिओवर आळीपाळीने बसलेली असतात. मीटिंग चालू असताना सिलिंडरवाल्याचा फोन आला आणि सगळं गोठलं, तर दोष टॉवरचा नसतो. हॉटस्पॉटवर काम करायचं ठरवलं, तर ज्या सिमवर कॉल येतात त्याच सिमवर डेटा ठेवा.

टॅब कुठे जिंकतो

सिमवाल्या टॅबची बाजू अशी. पहिली गोष्ट, त्याची बॅटरी मोठी. ५००० एमएएचच्या फोनमध्ये सुमारे १९ वॅट-तास ऊर्जा मावते, दहाव्या पिढीच्या आयपॅडमध्ये २८.६. दुसरी, फोन मोकळा राहतो. ज्याचं कामच फोनवर बोलण्याचं आहे, उदाहरणार्थ विमा, विक्री किंवा वकिली, त्याला हे मोलाचं आहे. तिसरी, फिरती. हुबळी आणि धारवाडच्या मध्ये बीआरटीएसच्या चिगरी बसने वीस-बावीस किलोमीटर रोज करणाऱ्याला किंवा धारवाडच्या उच्च न्यायालय खंडपीठात तारखांना जाणाऱ्याला खिशातला फोन, हातातला टॅब आणि दोघांची सतत जोडणी हा ताप नको असतो. आयपॅडच्या बाबतीत आणखी एक: जीपीएसची चिप फक्त सिमवाल्या आवृत्तीत असते.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. टॅबमध्ये वेगळ्या कंपनीचं सिम घातलं, तर घरात दोन स्वतंत्र जाळी येतात. वळिवाच्या पावसात लाईट गेली की फायबरचा राउटर बंद पडतो, टॉवर मात्र बॅटरीवर काही काळ चालू राहतो. पाऊस थेट आपल्या फोनच्या लहरी फारशा अडवत नाही. तो अडवतो १० गिगाहर्ट्झच्या वरच्या लहरी, आणि अनेक टॉवर एकमेकांना अशाच सूक्ष्मलहरींनी जोडलेले असतात. म्हणून मुसळधार पावसात दांड्या पूर्ण आणि नेट बंद, असं घडतं. अशा वेळी दुसऱ्या कंपनीचा टॉवर चालू असण्याची शक्यता बरी असते. दोन्ही यंत्रांत एकाच कंपनीचं सिम असेल, तर हा फायदा शून्य.

पैशांचा हिशेब

आयपॅडच्या वायफाय आणि सिम आवृत्त्यांत भारतात साधारण १५ हजार रुपयांचा फरक असतो. अँड्रॉइड टॅबमध्ये तो कमी. त्यावर वेगळा रिचार्ज. महिन्याला ३०० रुपये धरले, तर तीन वर्षांत १०,८०० होतात. म्हणजे आयपॅडवाल्याला सिमची चैन तीन वर्षांत जवळजवळ २६ हजारांना पडते. तेवढ्यात मध्यम प्रतीचा नवा ५जी फोन येतो.

स्वस्तातले बरेच सिमवाले टॅब फक्त ४जीचे असतात. कंपन्यांच्या अमर्याद ५जी योजना त्यांच्या कामाच्या नाहीत. तिथे रोजचा दीड-दोन जीबीचा कोटाच लागू होतो. दोन्ही दिशांनी एकेक एमबीपीएस धरला, तर व्हिडिओ मीटिंग तासाला सुमारे ९०० एमबी खाते. दोन जीबी सव्वादोन तासांत संपतात, आणि त्यानंतर वेग अनेक योजनांत ६४ केबीपीएसवर येतो. त्यात चित्र विसराच, आवाजही ओढत येतो. कॅमेरा बंद ठेवला, तर तीच मीटिंग तासाला चाळीस-पन्नास एमबीत भागते. ५जी फोन आतल्या खोलीत ४जीवर उतरला, की त्याचाही कोटा चालू होतो, हे ध्यानात असू द्या. शिवाय बऱ्याच नव्या आयपॅडांत प्लास्टिकचं सिम घालायला जागाच नसते, ई-सिमच लागतं.

घेण्याआधी

दुकानात जाण्याआधी घरातल्या घरात एक चाचणी करा. कामाची खोली, रस्त्याकडची खिडकी आणि गच्ची अशा तीन जागी, सकाळी अकरा आणि रात्री आठ अशा दोन वेळी डीबीएम आणि अपलोडचा वेग टिपून ठेवा. घरात दोन कंपन्यांची सिम असतील, तर दोन्हींचे आकडे घ्या. दूरसंचार विभागाच्या २०१७ मध्ये सुरू झालेल्या तरंग संचार संकेतस्थळावर आपल्या परिसरातले टॉवर नकाशावर दिसतात. कोणती खिडकी कामाची, याचा अंदाज तिथूनही येतो.

आकडे हाती आले की निर्णय अवघड नाही. खिडकीत रेंज चांगली आणि खोलीत वाईट असेल, तर वायफायचाच टॅब घ्या आणि फोन खिडकीत ठेवा. खोलीतही रेंज चांगली असेल आणि काम मुख्यतः लॅपटॉपवर असेल, तरीही हॉटस्पॉट पुरेसा आहे, वाचलेल्या पैशांत राउटरसाठी छोटा यूपीएस घ्या. फोनवर दिवसभर बोलणं असेल, रोजची फिरती असेल किंवा एक मीटिंग चुकली तरी नुकसान होणार असेल, तर सिमवाला टॅब घ्या. तो ५जीचा घ्या आणि त्यात फोनपेक्षा वेगळ्या कंपनीचं सिम घाला. या तिन्हींपैकी काहीच लागू नसेल, तर जास्तीचे पंधरा हजार खर्च करू नका.