ब्रेक दाबला की स्टेअरिंग थरथरतं? पॅड बदलण्याआधी डिस्क मोजून घ्या

बेळगावहून जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाटाने गोव्यात उतरणाऱ्या किंवा आंबोलीमार्गे सावंतवाडी गाठणाऱ्या चारचाकीधारकांची एक तक्रार नेहमीची असते. गाडी एरवी छान पळते, पण उतारावर ब्रेक दाबला की स्टेअरिंग हातात थरथरायला लागतं. मग अलाइनमेंट होतं, बॅलन्सिंग होतं, नवे पॅड पडतात आणि काही दिवसांनी थरथर पुन्हा हजर! असं होतं, कारण दोष बहुतेक वेळा पॅडमध्ये नसतोच. तो डिस्कमध्ये असतो, आणि कधी कधी डिस्कच्याही मागे.

थरथर नेमकी कधी होते?

गॅरेजला जाण्याआधी एवढं लक्षात घ्या. मोकळ्या रस्त्यावर ८० ते १०० च्या वेगात, ब्रेकला पाय न लावताही स्टेअरिंग हलत असेल तर चाकांचं बॅलन्सिंग, टायरला आलेला फुगवटा किंवा वाकलेला रिम तपासावा. थरथर फक्त ब्रेक दाबल्यावर येत असेल आणि पाय काढताच थांबत असेल, तर पुढच्या चाकांच्या डिस्कवर पहिला संशय घ्यावा. स्टेअरिंग शांत, पण सीट आणि पायाखालचा भाग हादरतो, अशा वेळी मागचे ब्रेक बघावेत. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्यांना मागे ड्रम असतात आणि ड्रमची गोलाई बिघडली की असा हादरा बसतो.

अलाइनमेंट बिघडलं तर गाडी एका बाजूला ओढते आणि टायर वाकडे झिजतात. ब्रेकवर येणारी थरथर त्याने जात नाही. निसरड्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारल्यावर पेडल पायाला टकटक धक्के देत असेल, तर ते एबीएसचं काम आहे, बिघाड नव्हे.

डिस्क ‘बेंड’ होते म्हणजे काय?

मेकॅनिक म्हणतो, ‘डिस्क बेंड झाली.’ प्रत्यक्षात डिस्क डोळ्याला दिसेल इतकी वाकलेली क्वचितच असते. बिघडते ती तिची जाडी. एका जागी जाड, दुसऱ्या जागी पातळ अशी डिस्क पॅडमधून फिरताना पकड कमी-जास्त होत राहते. ताशी ६० च्या वेगात छोट्या गाडीचं चाक सेकंदाला साधारण नऊ वेळा फिरतं. प्रत्येक फेरीला बसणारा हा झटका स्टेअरिंगपर्यंत पोचतो. जाडीतला फरक मिलिमीटरच्या शंभराव्या भागात असला तरी तो हाताला जाणवू शकतो, म्हणून नुसतं बघून किंवा बोट फिरवून निदान होत नाही.

हा फरक येतो कुठून? पहिलं कारण हबवरचा गंज. डिस्क ज्या हबवर बसते तिथे गंज किंवा माती राहिली तर ती किंचित तिरकी बसते. मग ब्रेक न दाबताही तिची तीच जागा प्रत्येक फेरीला पॅडला घासते आणि काही हजार किलोमीटरनंतर तिथे पातळ होते. नवी डिस्क टाकूनही काही महिन्यांत थरथर परत येते, ती यामुळेच. दुसरं कारण चाकाचे नट. एअर गनने एकेक नट कसाही आवळला की डिस्कवर असमान ताण येतो. तिसरं कारण घाटातलं. तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून गाडी उभी ठेवली की पॅडचा थर एकाच जागी चिकटतो. अडकलेला कॅलिपरही एका चाकाची डिस्क सतत तापवत राहतो.

गॅरेजमध्ये काय करून घ्याल?

‘आधी मोजा, मग बदला’ असं स्पष्ट सांगा. डायल गेज लावून डिस्क फिरवली की ती किती डुलते ते कळतं. मर्यादा गाडीप्रमाणे वेगळी असते, पण बऱ्याच गाड्यांत ती ०.०५ ते ०.१ मिलिमीटरच्या आसपास असते. मायक्रोमीटरने डिस्कची जाडी सात-आठ ठिकाणी मोजावी. किमान जाडीचा आकडा बहुतेक डिस्कवरच कोरलेला असतो. जाडी पुरेशी असेल तर मशीनवर डिस्क टर्निंग करून पृष्ठभाग सारखा करता येतो. टर्निंगनंतर जाडी त्या आकड्याखाली जाणार असेल तर नवी डिस्कच हवी, आणि ती दोन्ही बाजूंना एकदम.

काहीही केलं तरी हब तारेच्या ब्रशने घासून स्वच्छ करायला लावा. कॅलिपरच्या पिना मोकळ्या सरकतात का, टाय रॉड एंड, बॉल जॉइंट आणि लोअर आर्मचे बुश ढिले नाहीत ना, हेही त्याच वेळी बघून घ्या. हे भाग ढिले असले की छोटी थरथरही मोठी होऊन हातात येते. नट समोरासमोरच्या क्रमाने, टॉर्क रेंचने, गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापाने आवळावेत.

नवे पॅड किंवा डिस्क बसल्यावर मोकळ्या रस्त्यावर ताशी ६० वरून १५ पर्यंत आठ-दहा वेळा मध्यम ब्रेक लावावा. प्रत्येक वेळी मध्ये थोडं अंतर तसंच चालवावं आणि गाडी पूर्ण थांबवू नये. यामुळे पॅडचा थर डिस्कवर सारखा बसतो.

घाट उतरताना

ज्या गिअरमध्ये चढ चढतो, त्याच गिअरमध्ये उतार उतरावा ही जुनी सवय आजही खरी आहे. न्यूट्रल टाकून उतरू नका. ब्रेकवर पाय सतत ठेवण्यापेक्षा मोजका दाबून सोडावा. घाट संपल्यावर लगेच ब्रेक दाबून थांबण्याऐवजी थोडं अंतर सावकाश चालवून डिस्क थंड होऊ द्याव्यात.

थरथरीसोबत पेडल खोल जात असेल, जळका वास येत असेल, गाडी एका बाजूला ओढत असेल किंवा लोखंड घासल्याचा आवाज असेल, तर घाटात उतरूच नका. सुरक्षित जागी गाडी बाजूला घ्या आणि तिथेच मेकॅनिकला बोलवा.