वस्त्रे सुकविण्याच्या यंत्राची निगा

मृग नक्षत्र लागले म्हणजे बेळगाव-खानापूरच्या टापूत सूर्यदर्शन दुर्मिळ होते. निपाणीकडे पाऊस त्या मानाने कमी, तरी ढगाळ हवा तीच. आषाढ-श्रावणात दोरीवर टाकलेले धोतर दुसऱ्या दिवशीही दमटच हाती येते आणि त्यास कुबट वास सुटतो तो निराळाच. घरच्या कपड्यांचे कसेही भागते. परंतु ज्या सभासद बंधूंची लॉज, रुग्णालये किंवा लॉन्ड्रीची दुकाने आहेत, त्यांस रोजच्या रोज चादरी व टॉवेल कोरडे करून द्यावेच लागतात. पिढ्यान्‌पिढ्या हे काम परिटाने, कानडीत ज्यास मडिवाळ म्हणतात त्याने, उन्हाच्या भरवशावर केले. आता ते पुष्कळ ठिकाणी ड्रायरकडे आले आहे. यंत्र घेताना आम्ही व्यापारी किमतीची घासाघीस पुरेपूर करतो. त्याची झाडलोट पुढे कोणी करावयाची, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

ड्रायर कपडे तापवून सुकवितो, असा सार्वत्रिक समज आहे. तो अर्धाच खरा. उष्णतेने पाण्याची वाफ होते. परंतु ती वाफ कपड्यांतून उचलून बाहेर नेण्याचे काम हवेचे. पंखा खोलीतील हवा ओढतो, ती तापून फिरत्या पिंपातून जाते आणि ओलावा घेऊन धुराड्याच्या नळीवाटे बाहेर पडते. हा हवेचा मार्ग मोकळा असेल तोवर यंत्र निरोगी. तो कोंडला, की वीज वा गॅस तेवढाच जळतो, कपडे मात्र ओलेच राहतात.

हा मार्ग कोंडणारी वस्तू म्हणजे कपड्यांतून झडलेले बारीक तंतू. यंत्रवाले त्यास लिंट म्हणतात. प्रत्येक खेपेस मूठभर लिंट जाळीवर जमते; ते गिऱ्हाइकाच्या टॉवेलाचेच झिजलेले अंग असते, हेही जाता जाता ध्यानी घ्यावे. जाळी प्रत्येक खेपेनंतर हाताने पुसावी. फार घाई असेल तर एखादी खेप चुकेल, पण दिवसाकाठी एकदा पुसून भागते असे मानणे चूक आहे. कपडे मऊ करणारे द्रव वापरीत असाल तर जाळीवर न दिसणारा चिकट थर बसतो. जाळीवर पाणी ओतून पाहावे. ते खाली न गळता वर साचले, तर साबणाच्या पाण्याने व मऊ ब्रशाने ती धुवावी आणि वाळवूनच बसवावी. फाटकी जाळी बदलावी, कारण छिद्रातून निसटलेले लिंट पंख्यावर, तापमापकावर व तापविणाऱ्या नळ्यांवर जाऊन बसते.

येथेच आगीचा धोका आहे. लिंट कापसासारखे झटकन पेट घेते. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००८ ते २०१० या वर्षांचा जो हिशेब प्रसिद्ध केला, त्यानुसार तेथील निवासी इमारतींत ड्रायरमुळे दरसाल सुमारे २,९०० आगी लागल्या, आणि त्यांचे सर्वांत मोठे कारण, सुमारे एक-तृतीयांश, साफसफाई न करणे हेच होते. आमच्याकडे दुकानाच्या मागे लॉन्ड्री व वर बिऱ्हाड, अशी रचना असते. तेव्हा जमलेले लिंट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाकावे, कोपऱ्यात ढीग करू नये. विड्यांच्या तंबाखूसाठी प्रसिद्ध असलेल्या गावात हे सांगणे थोडे धाडसाचे, तरी यंत्राच्या खोलीत विडी ओढू देऊ नये.

तेलकट फडक्यांविषयी स्वतंत्र सावधगिरी हवी. जवस व करडईचे तेल हवेतील प्राणवायूशी संयोग पावताना उष्णता सोडते. धुतल्यावरही तेलाचा अंश राहतो. असे कपडे गरमागरम काढून गठ्ठा बांधला, तर आतली उष्णता बाहेर पडत नाही, आणि काही तासांनी कोणी हात न लावता गठ्ठा धुमसू लागतो. म्हणून शेवटची काही मिनिटे उष्णतेविना पिंप फिरवून कपडे थंड करावेत, यंत्र मध्येच थांबवून भरलेले ठेवू नये, आणि स्वयंपाकघरातील फडकी शक्यतो ड्रायरमध्ये घालूच नयेत.

आता खर्चाकडे वळू. एक लिटर पाण्याची वाफ करण्यास सुमारे ०.७ युनिट ऊर्जा लागते, आणि प्रत्यक्ष यंत्र याहून बरेच अधिक खाते. १० किलो कपड्यांत ५ लिटर पाणी राहिले असेल, तर कमीत कमी साडेतीन युनिटांची उष्णता हवीच. तेच पाणी पिळणाऱ्या यंत्रात वेगाने फिरवून काढणे कितीतरी स्वस्त पडते. म्हणून आधी नीट पिळावे. ड्रायरपाशी एक वही ठेवून प्रत्येक खेपेस लागलेली मिनिटे लिहावीत. रोजमेळ लिहिणाऱ्यांस हे शिकवावयास नको. पूर्वी ४० मिनिटांत सुकणारी तेवढीच खेप ६० मिनिटे घेऊ लागली, तर मिस्त्रीला बोलावण्याआधी हवेचा मार्ग तपासावा.

त्या मार्गाचा दुर्लक्षित भाग म्हणजे बाहेर जाणारी नळी. पावसाळ्यातील थंड हवेत लांब नळीच्या आतून पाणी सुटते, लिंट त्यास चिकटते आणि लगद्यासारखा थर घट्ट बसतो. नळी गुळगुळीत पत्र्याची, आखूड व कमी वळणांची असावी. प्लास्टिकची तर मुळीच नसावी. तिच्या तोंडाशी बारीक जाळी लावू नये, तीच तुंबते. वाऱ्याने उघडणारी व बंद होणारी झडप पुरते. यंत्र तंबाखूच्या वखारीस लागून असेल, तर आत येणारी हवा दुसऱ्या बाजूने घ्यावी, नाहीतर ती धूळ व तो वास गिऱ्हाइकाच्या चादरीस लागेल.

पट्टा, बेअरिंग व दाराचे रबर महिन्यातून एकदा पाहावे. वंगण यंत्राच्या पुस्तिकेत सांगितले असेल तेथेच व तेवढेच घालावे. जादा वंगणास लिंट चिकटते. गॅसची ज्योत निळी असावी. ती पिवळी पडली, तर हवा अपुरी पडते असे समजून जाणकारास दाखवावे. विजेच्या जोडण्या व अर्थिंग परवानाधारक कारागिराकडूनच तपासून घ्यावे, आणि आत हात घालण्यापूर्वी मुख्य बटण बंद करून गॅसचा कॉकही मिटवावा.

वर्षाची मोठी सफाई केव्हा करावी? आमच्या मते वैशाखात. फाल्गुनापासून ऊन भरपूर असल्याने यंत्र बहुधा बंद असते, आणि त्याच दिवसांत नळीत चिमण्या घरटे करतात, गांधीलमाशाही येतात. यंत्र बंद करतानाच झडप नीट मिटते की नाही हे पाहिले, तर पुढे अंडी-पिलांसह घरटे उपसण्याची वेळ येत नाही. मृगापूर्वी नळी सुटी करून आरपार साफ करावी, पंख्याचे आवरण काढून पाती पुसावीत आणि पहिली खेप रिकामी चालवून बाहेरच्या तोंडाशी हात धरून पाहावा. हवा जोराने लागली, तर दुसरी खेप कपड्यांची घालण्यास हरकत नाही.