मुंबईच्या राखणदार: दोन चिलखती बोटी

धाकट्या डहाणूच्या किनाऱ्यावर भाच्याने विचारलं, "मामा, इंग्रजांनी आपल्या खाडीवर तोफा का नाही लावल्या?"

अरे, अख्खा किनारा कोण राखणार? भर होता मोठ्या बंदरांवर. आपल्याकडे मुंबई.

तिच्यासाठी इंग्लंडात 'मॅग्डाला' आणि 'अ‍ॅबिसिनिया' या चिलखती बोटी बांधल्या, १८७० मध्ये पाण्यात उतरवल्या. फिरत्या बुरुजांत प्रत्येकी चार १० इंची तोफा. डेक पाण्याच्या जेमतेम वर, म्हणजे शत्रूला नेम धरायला जागाच कमी. पण उधाणलेल्या दर्यात असली बोट काय कामाची? ती बंदरातच शोभायची!

नावं इंग्रजांच्या १८६८ च्या अ‍ॅबिसिनिया (आजचा इथिओपिया) मोहिमेवरून.

त्यांच्याच जातकुळीतली 'सर्बेरस' मेलबर्नजवळ अजून पाण्यात आहे. आपल्या दोन्ही १९०३-०४ मध्ये विकल्या गेल्या. एक तरी ठेवायला हवी होती.

तोफा, बुरुज, बंदरं, काहीही विचारा कमेंटमध्ये.