नव्या कणाविषयी माझी शंका

कृष्णद्रव्याचा नवा कण सुचवल्याची बातमी आली की मी आधी शंका घेतो. म्हणून मी कृष्णद्रव्यच नाकारतो, असे कोणी समजू नये. १९३३ साली फ्रिट्झ झ्विकी यांनी कोमा दीर्घिकासमूहाचा हिशेब मांडला. दिसणारे द्रव्य फारच अपुरे पडले. पुढे १९७०च्या दशकात व्हेरा रुबिन व केंट फोर्ड यांनी दीर्घिकांच्या कडेकडचे द्रव्यही अपेक्षेहून वेगाने फिरते, हे मोजून दाखवले. काहीतरी अदृश्य आहे, याला हा पुरावा. ते अमुकच कणांचे आहे, याला वेगळा पुरावा हवा.

इटलीत ग्रान सासो डोंगराखाली द्रवरूप झेनॉनच्या टाकीत हे कण शोधतात. २०२० साली तेथील 'झेनॉन वन टी' प्रयोगात सुमारे २३२ नोंदी अपेक्षित असताना २८५ मिळाल्या. लगेच नवनव्या कणांच्या कल्पनांचा पाऊस पडला. टाकीत ट्रिटियमचा सूक्ष्म अंश असला तरी असेच दिसेल, हे प्रयोगकर्त्यांनी तेव्हाच सांगितले होते. २०२२ साली त्यांनीच अधिक मोठ्या, अधिक स्वच्छ उपकरणाने पुन्हा मोजले. जादा नोंदी नाहीशा झाल्या.

बुध ग्रहाच्या गतीतील तफावतही खरीच होती. तिच्यासाठी कल्पिलेला व्हल्कन ग्रह मात्र नव्हताच. १९१५ साली आइन्स्टाइनच्या गुरुत्वसिद्धान्ताने ती तफावत उलगडली.

कल्पना सुचवणे हा गुन्हा नव्हे. पण नाव ठेवल्याने वस्तू सिद्ध होत नाही. कोणत्या मोजमापाने तुमचा कण खोटा ठरेल? हा प्रश्न विचारायला पदवी लागत नाही.