उज्जैनच्या वेधशाळेत सावलीवरून वेळ कशी वाचावी

महाकालाचं दर्शन झालं की बहुतेक जण परतीची गाडी धरतात. आपल्याकडे तासभर असेल तर क्षिप्रेकाठी जयसिंगपुऱ्यातल्या वेधशाळेत जा. रिक्षावाल्याला ‘जंतर मंतर’ सांगितलं की पुरतं. आभाळ भरलेलं असेल तर मात्र बेत पुढे ढकला. ऊन नाही तर वेळही नाही.

जयपूरच्या सवाई जयसिंहांनी अठराव्या शतकात बांधलेली ही वेधशाळा पुढे मोडकळीला आली. १९२३ मध्ये ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी ती दुरुस्त करवली आणि गोविंद सदाशिव आपटे तिचे पहिले अधीक्षक झाले. म्हणून इथली यंत्रं आजही वापरता येतात.

आधी सम्राट यंत्रापाशी या. मधली तिरकी, जिन्याची भिंत उत्तर ध्रुवाकडे रोखलेली आहे. तिचा चढ सुमारे २३ अंशांचा, म्हणजे उज्जैनच्या अक्षांशाइतका. दोन्ही बाजूंना खुणा कोरलेल्या कमानी आहेत. सकाळी सावली पश्चिमेच्या कमानीवर पडते आणि उतरत उतरत दुपारी भिंतीच्या पायथ्याशी येते. मग पूर्वेच्या कमानीवर चढू लागते. दहा मिनिटं उभं राहिलं तर ती सरकताना दिसते. मुलांना हे फार आवडतं.

आता सावलीची कड वाचा. इथेच अडतं, कारण कड धारदार नसतेच. सूर्य ठिपका नाही, अर्ध्या अंशाची थाळी आहे. तेवढं सरकायला त्याला दोन मिनिटं लागतात. कडेजवळ दोरा ताणून धरा आणि हळूहळू सावलीकडे न्या. दोऱ्याची बारीक सावली जिथे विरते, तिथली खूण वाचा.

मग मनगटाकडे बघाल आणि म्हणाल, हे तर मागे आहे! बरेच जण इथूनच हसत परत फिरतात. पण यंत्र चुकत नाही. आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशाची वेळ दाखवतं. उज्जैन त्याच्या पश्चिमेला पावणेसात अंशांवर, आणि एका अंशाला चार मिनिटं. म्हणजे २७ मिनिटं मिळवायची.

एवढ्यानेही जुळलं नाही तर तारीख बघा. पृथ्वीची कक्षा लंबगोल आणि आस कललेली, त्यामुळे सूर्य वर्षभर एकसारख्या चालीने चालत नाही. फेब्रुवारीच्या मध्यात सुमारे ४१ मिनिटं मिळवावी लागतात, नोव्हेंबरच्या आरंभी जेमतेम साडेदहा. नाताळात २७ चा हिशेब जवळपास बरोबर येतो.

शेजारच्या नाडीवलय यंत्राला दोन गोल तबकड्या आहेत, एक उत्तरेला तोंड करून, एक दक्षिणेला. मे महिन्यात दक्षिणेच्या तबकडीसमोर उभं राहून काही दिसत नाही म्हणणारे हमखास भेटतात. मार्चअखेरपासून सप्टेंबरपर्यंत ऊन उत्तरेकडच्या तबकडीवर असतं, उरलेले महिने दक्षिणेकडच्या.

२१ जूनच्या आसपास येत असाल तर शंकू यंत्र चुकवू नका. कर्कवृत्त इथून फार लांब नाही. भर माध्यान्ही खांबाची सावली त्याच्या पायाशी जवळजवळ गडप होते. पण बारा वाजता नव्हे. वरचा हिशेब करून साडेबाराच्या जरा आधी छत्री मिटून तिथे उभे राहा.