सहीची किल्ली

तहसील कचेरीच्या समोरच्या ओळीत माझं दुकान आहे. पाटीवर झेरॉक्स, लॅमिनेशन, पॅनकार्ड असं लिहिलंय, पण माझा निम्मा दिवस डीएससी करण्यात जातो. डिजिटल सिग्नेचर सर्टिफिकेट हे पूर्ण नाव आमच्याकडे कुणी घेत नाही. ‘डोंगल करायचंय’, ‘पेनड्राइव्ह संपलाय’ असं म्हणत माणसं येतात. संपलेली असते ती आतल्या प्रमाणपत्राची मुदत. ती एक, दोन किंवा जास्तीत जास्त तीन वर्षांची असते.

गेल्या पावसाळ्यात एका गावच्या सरपंच ताई आल्या. निवडून येऊन महिना झाला होता. सोबत त्यांचे यजमान आणि ग्रामपंचायतीतला केंद्रचालक पोरगा. वित्त आयोगाचे पैसे ई-ग्रामस्वराज पोर्टलवरून जातात. ग्रामसेवकाने देयक तयार करायचं, सरपंचाने मंजूर करायचं आणि दोघांच्या डिजिटल सह्या झाल्या की मग पैसे सुटायचे. यजमानांनी कागदपत्रांची पिशवी टेबलावर ठेवली आणि म्हणाले, “करून ठेवा, संध्याकाळी पोरगा घेऊन जाईल.”

“अण्णा, ताईंना बसावं लागेल. व्हिडिओ त्यांचाच लागतो.”

अर्जात मोबाइल नंबर यजमानांचा होता. तो खोडून ताईंचा घातला, कारण ओटीपी ज्याच्या फोनवर येतो त्याच्या हातात अर्धी सही जाते. मग ताई कॅमेऱ्यासमोर बसल्या. पदर सारखा केला, पॅनकार्ड हनुवटीजवळ धरलं आणि आपलं नाव सांगितलं. पहिल्यांदा आवाज इतका हळू आला की पुन्हा रेकॉर्ड करावं लागलं. दुसऱ्यांदा त्यांनी ग्रामसभेत बोलावं तसं नाव घेतलं.

पडताळणी होऊन मंजुरी आली की टोकन, म्हणजे तो पेनड्राइव्हसारखा डोंगल, संगणकाला लावायचं. यानंतरचे काही सेकंद मला इतक्या वर्षांनंतरही बघावेसे वाटतात. टोकनवरचा बारीक दिवा लुकलुकतो आणि आतली चिप दोन किल्ल्या घडवते. किल्ली म्हणजे एक प्रचंड संख्या. साधारणपणे ती २०४८ बिटांची असते, म्हणजे दशमान आकड्यांत लिहायची तर सहाशेहून जास्त अंक. एक किल्ली उघडी, जगाला दाखवायची. दुसरी खासगी, ती टोकनच्या बाहेर कधीच येत नाही. माझ्या संगणकाला ती दिसत नाही, प्रमाणपत्र देणाऱ्या कंपनीलाही नाही. खासगी किल्लीने केलेली सही उघड्या किल्लीने तपासता येते. पण उघड्या किल्लीवरून खासगी शोधायला आजच्या संगणकांना माणसाचं आयुष्य पुरणार नाही. व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन या दोघांनी १९७६ साली ही कल्पना जाहीरपणे मांडली. आमच्या पंचायतीचं गटाराचं बिल आज त्याच कल्पनेवर निघतं.

पण एवढ्याने काम भागत नाही. ही उघडी किल्ली याच ताईंची, हे कशावरून? मी उद्या एक जोडी घडवून तिला कुणाचंही नाव देईन. म्हणून उघडी किल्ली आणि नाव परवानाधारक प्रमाणन संस्थेकडे जातं. ओळख तिने आधीच तपासलेली असते; मग ती नाव, किल्ली आणि मुदत एकत्र बांधते आणि त्यावर स्वतःच्या खासगी किल्लीने सही करते. हेच ते प्रमाणपत्र.

ताई ऐकत होत्या. म्हणाल्या, “म्हणजे मी रहिवासी दाखला देते, तसंच. माणूस गावचा आहे असं मी लिहून देते.”

यापेक्षा नेमकं मला कधी सांगता आलेलं नाही. मी पडद्यावर त्यांचं प्रमाणपत्र उघडून साखळी दाखवली. सगळ्यात खाली ताईंचं पूर्ण नाव, त्यावर प्रमाणन संस्था आणि सगळ्यात वर ‘सीसीए इंडिया २०२२’. माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० पासून लागू झाला. त्या कायद्याने दिल्लीत प्रमाणन प्राधिकरणांचे नियंत्रक नेमले, त्यांचं हे मूळ प्रमाणपत्र. खालच्या प्रत्येकाला वरच्याने दाखला दिलेला असतो. मुळाच्या वर कुणीच नसतं. ते स्वतःवर स्वतःच सही करतं आणि आपल्याला ते आधीपासून ओळखीचं असावं लागतं.

हा शेवटचा मुद्दा दुकानात रोज येतो. महाराष्ट्रात १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळायला लागला. शेतकरी ती फाइल मोबाइलवर आणतात, मी संगणकावर उघडतो आणि सहीच्या जागी पिवळं प्रश्नचिन्ह येतं. “सही खोटी आहे का हो?” घाबरलेला प्रश्न असतो. खोटी असतेच असं नाही. फाइल उघडणाऱ्या प्रोग्रॅमच्या ओळखीच्या यादीत ते वरचं मूळ नाही, म्हणून तो मत देत नाही. मूळ तपासून विश्वासाच्या यादीत घातलं की हिरवी खूण येते. पण नजर न टाकता कुठल्याही प्रमाणपत्रावर ‘विश्वास आहे’ म्हणत क्लिक करणारे मी पाहिलेत आणि त्याचा मला त्रास होतो. हिरवी खूण आपणच आपल्याला दिली, तर तिचा उपयोग काय? आणि छापलेल्या कागदावर ती खूण म्हणजे नुसती शाई. सही फाइलमध्ये असते. कागद हातात असेल, तर त्यावरचा पडताळणी क्रमांक महाभूमीच्या संकेतस्थळावर टाकून बघावा.

ताईंना मी एक नमुना करून दाखवला. बारा हजारांचं खोटं बिल, त्यावर त्यांची चाचणी सही. मग त्याच फाइलमध्ये बाराचे एकवीस केले. लगेच लाल फुली. सही करताना अख्ख्या मजकुराचा एक ठसा काढला जातो, मजकूर कितीही मोठा असला तरी चौसष्ट अक्षरांचा. सही होते ती त्या ठशावर. एक स्वल्पविराम हलला तरी ठसा पार बदलतो. ताईंनी दोनदा आकडा बदलायला लावला. यजमानही खुर्ची ओढून जवळ आले.

एवढं मजबूत गणित असूनही घोटाळे होतात, ते माणसांपाशी. जुलै २०१४ मध्ये गूगलला आपल्या काही संकेतस्थळांच्या नावाची परस्पर दिलेली प्रमाणपत्रं सापडली. ती राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या प्रमाणन यंत्रणेतून निघाली होती. नियंत्रकांनी त्या यंत्रणेची मधली प्रमाणपत्रं लगोलग रद्द केली. किल्ल्यांचं गणित कुणी मोडलं नव्हतं. बिघडली होती ती दाखला देण्याची प्रक्रिया. साखळीचं वरचं टोक असं सैल पडतं. खालचं टोक मी रोज पाहतो: कुठल्याशा टेबलाच्या खणात रबरबँड लावलेली दहा-बारा टोकनं, प्रत्येकावर पांढरी चिकटपट्टी, तिच्यावर गावाचं नाव आणि खाली पिन. कायद्याने ही सही हातच्या सहीइतकीच ग्राह्य आहे. खासगी किल्ली स्वतःच्या ताब्यात ठेवण्याची काळजी तिच्या धन्याने घ्यायची, हे कलम ४२ सांगतं. पैसे चुकीच्या खात्यात गेले, तर आधी नाव येणार सरपंचाचं. निम्म्या सरपंचपदांवर आज बायका आहेत, आणि त्या खणातली कितीतरी टोकनं त्यांची असतात.

म्हणून पिनच्या वेळी मी कीबोर्ड ताईंकडे सरकवला. टोकन येताना १२३४५६७८ असा पिन घेऊन येतं, तो बदलायचा असतो. यजमान म्हणाले, “आमच्या गाडीचा नंबर टाक, मला लक्षात राहील.”

ताईंनी एका बोटाने, अक्षर शोधत शोधत काहीतरी टाकलं. डाव्या हाताचा आडोसा धरला होता. काय टाकलं ते मी पाहिलं नाही. गाडीचा नंबर नव्हता, हे मला चार महिन्यांनी कळलं.

तेव्हा ताई एकट्याच आल्या, एसटीने. टोकन कुलूपबंद झालं होतं. त्या माहेरी गेल्या असताना घरी कुणीतरी अंदाजाने पिन टाकत राहिलं आणि ठरावीक चुकांनंतर चिपने दार लावून घेतलं. मी ते पुसून नव्याने सुरू करून देऊ शकत होतो, पण पुसलं की किल्लीही जाते आणि तिची दुसरी प्रत कुठेच नसते. जुनं प्रमाणपत्र रद्द करायचा अर्ज भरला, म्हणजे रद्द झालेल्यांच्या यादीत त्याचा क्रमांक चढेल. मग नवा अर्ज, नवा खर्च, नवा व्हिडिओ. या वेळी पहिल्याच रेकॉर्डिंगला आवाज खणखणीत होता.

“आता पंचायत समितीत पुन्हा नोंदणी लागेल,” मी म्हटलं. “आठ-दहा दिवस बिलं थांबतील.”

“थांबू देत. शाळेच्या संडासाचं एकच बिल आहे, आणि ते काम मी अजून बघितलेलं नाही.”

टोकन त्यांनी बटव्यात, चिल्लर ठेवतात त्या कप्प्यात टाकलं आणि चेन ओढली.